टिपणीचा पडदा आणि अर्जाचा पडदा

सरकारी कचेरीत माणसाचा हुद्दा ओळखावयाचा असेल, तर पूर्वी त्याच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहण्याची रीत होती. पाठीवर पांढरा टॉवेल दिसला, की आत येणारा आपोआप दोन पावले दूर उभा राही. टॉवेल अजून गेलेला नाही. परंतु त्याच्या जोडीला अलीकडे एक नवी खूण आली आहे, ती म्हणजे मेजावरील मॉनिटरांची संख्या. एक असेल तर तो सेक्शनमधला माणूस, आणि दोन असतील तर कोणी बडी असामी, अशी समजूत शिपायांपासून अभ्यागतांपर्यंत सर्वांची झालेली आहे. आणि हे दोन मॉनिटर जवळ जाऊन पाहावेत, तर त्यांत एकही गोष्ट जुळत नाही! एक २७ इंची, पातळ कडांचा, यंदाच्या खरेदीतला. दुसरा साडेअठरा इंची, मागच्या साहेबांच्या काळातला, कडेवर पांढऱ्या रंगाने यादीचा क्रमांक रंगवलेला. एक उंच, दुसरा ठेंगणा. एकाचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा पिवळसर.

या विजोड जोडीविषयी कचेरीत तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष ज्येष्ठांचा. आमचे एक सहकारी निवृत्तीला आले आहेत. ते दर भेटीत म्हणतात, ‘‘अहो, आम्ही तीस वर्षे एका मेजावर एक फाईल उघडून काढली. तुम्हांला दोन-दोन पडदे कशाला हवेत?’’ दुसरा पक्ष खरेदीशाखेचा. त्यांचे म्हणणे असे, की दोन मॉनिटर मंजूर होते, दोन दिले. ते एकसारखे असावेत असे मंजुरीत कोठे लिहिले आहे? तिसरा पक्ष तरुणांचा. ते म्हणतात, ही दोन्ही अडगळ टाकून द्यावी आणि ३४ इंचांचा एकच रुंद पडदा मागवावा. या तिन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. तिघेही वस्तूविषयी वाद घालतात. कोणत्या पडद्यावर कोणाचा कागद उघडला जातो, हा प्रश्न एकाच्याही मनात येत नाही. मला मात्र तोच एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर आपणा अधिकाऱ्यांना शोभणारे नाही.

प्रथम ज्येष्ठांचा आक्षेप घेऊ. त्यांनी ‘एक फाईल’ म्हटले, पण ती फाईल एक होती काय? सचिवालयातील फाईल उघडली, की तिचे दोन भाग समोर येत. डावीकडे हिरव्या कागदांवरील टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. डावी बाजू कचेरीची. उजवी बाजू बाहेरून आलेल्या जगाची, म्हणजे अर्जांची, तक्रारींची, दाखल्यांची आणि इतर खात्यांच्या पत्रांची. टिपणी वाचताना ‘पत्रव्यवहार पृष्ठ अमुक पाहावे’ असा उल्लेख आला, की डोळा उजवीकडे वळे, मूळ कागद पाही आणि परत डावीकडे येई. लिहिणाऱ्याने जे लिहिले ते मूळ कागदात खरोखर आहे की नाही, हे ताडून पाहण्याची ती सोय होती. ज्याने ही मांडणी प्रथम बसवली, त्याने मोठी शहाणपणाची गोष्ट केली. आणि एक गोष्ट इतकी उघड होती, की ती कोणाला सांगावी लागली नाही: दोन्ही बाजूंना एकाच दिव्याचा उजेड पडे. टिपणी फुलस्केप कागदावर आणि अर्ज मात्र पोस्टकार्डाएवढा लहान करून वाचावा, असे कोणी केले नाही.

ई-ऑफिस आल्यावर कागद गेले, पण ही मांडणी गेली नाही. डावीकडे हिरवी टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, ही जुनी व्यवस्था पडद्यावरही राखलेली आहे, आणि ज्यांनी ती राखली त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु एकाच पडद्यावर दोन बाजू बसवल्या, की दोघींच्याही वाट्याला अर्धा पडदा येतो. वाचणारा मग एकीला मोठे करतो आणि दुसरीला झाकतो, आणि जी बाजू झाकली जाते ती सहसा उजवी असते. तेव्हा दुसरा मॉनिटर ही चैन नव्हे. ज्येष्ठांनी तीस वर्षे जी उघडी फाईल वापरली, तीच तो मेजावर परत आणतो. पहिल्या पक्षाला इतके उत्तर पुरे.

आता खरेदीशाखेकडे वळू. ‘सारखे असावेत असे कोठे लिहिले आहे?’ हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता निरुत्तर करणारा आहे, आणि मीही मान्य करतो, की दोन मॉनिटर जुळे भाऊ असलेच पाहिजेत असे नाही. ५:४ प्रमाणाचा जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या पडद्याची उंची सुमारे ३० सेंटीमीटर भरते. आजच्या १६:९ प्रमाणाच्या २४ इंची मॉनिटरची उंचीही तितकीच असते. एकात उभ्या दिशेने १०२४ बिंदू, दुसऱ्यात १०८०. ही जोडी नावाला विजोड आहे. पण शेजारी ठेवली तर ओळीला ओळ लागते, अक्षराला अक्षर मिळते, आणि मान वर-खाली करावी लागत नाही. म्हणजे वयात आणि रूपात फरक असला तरी चालतो. मात्र उंची, अक्षराचा आकार आणि उजेड ही जुळली पाहिजेत.

आमच्या मेजावरील जोडी या कसोटीला लावून पाहू. २७ इंची पडदा ३३.६ सेंटीमीटर उंच आहे, साडेअठरा इंची पडदा २३ सेंटीमीटर. ए-४ कागद २९.७ सेंटीमीटर लांब असतो. पहिल्यावर तो मूळ आकारात मावतो. दुसऱ्यावर त्याचा तळ कापला जातो. पहिल्यावर २५६० गुणिले १४४० बिंदू आहेत, दुसऱ्यावर १३६६ गुणिले ७६८. म्हणजे एकूण बिंदूंचा हिशेब केला, तर नव्याजवळ जुन्याच्या साडेतीन पट भांडवल आहे. बिंदूंची दाटीही वेगळी: इंचाला सुमारे १०९ आणि ८५. त्यामुळे एखादी चौकट नव्या पडद्यावरून जुन्यावर ओढली, की अक्षरे एकदम सव्वापट फुगतात, आणि पानाचा जेवढा भाग दिसत होता त्याहून कितीतरी कमी दिसू लागतो. प्रत्येक पडद्याला त्याच्या दाटीप्रमाणे वेगळे प्रमाण देण्याची सोय विंडोजमध्ये ८.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून आहे. पण काही जुने प्रोग्रॅम ती मानत नाहीत आणि अक्षरे पुसट करून दाखवतात. शिवाय जुन्या स्वस्त पडद्यांचा एक दोष असा, की ते समोरून पाहिले तरच बरे दिसतात. बाजूला ठेवून तिरके पाहिले, की फिकट शाई पार विरून जाते. आणि दुसरा पडदा नेहमी बाजूलाच असतो.

शरीराचे हालही थोडे नाहीत. चाळिशी उलटलेल्या आणि दुहेरी नंबरचा चष्मा लावणाऱ्या माणसाला जवळचे पाहण्यासाठी भिंगाचा खालचा भाग वापरावा लागतो. उंच पडद्यासाठी तो हनुवटी उचलतो, ठेंगण्यासाठी खाली घालतो. दिवसातून शेकडो वेळा हे चालते, आणि संध्याकाळी मान धरली म्हणून तो उशीला दोष देतो. तरीसुद्धा मानदुखीसाठी मी हा लेख लिहिला नसता. औषधाच्या दुकानात मलम मिळते.

माझा मुद्दा पुढे आहे. दोन विजोड पडदे मेजावर आले, की आपण त्यांची वाटणी कशी करतो? नवा, मोठा, तेजस्वी पडदा बरोबर समोर ठेवतो, आणि त्यावर आपली टिपणी उघडतो. जुना, ठेंगणा, पिवळट पडदा बाजूला सारतो, आणि पत्रव्यवहार त्यावर ढकलून देतो. अशी वाटणी करा असा कोणी आदेश काढलेला नाही. संगणक आपली चौकट मुख्य पडद्यावर उघडतो, लिहिण्याचे काम समोर असावे असे वाटते, आणि उरलेले उरलेल्या जागी जाते. परिणाम मात्र असा झाला, की कचेरीने लिहिलेले शब्द उत्तम पडद्यावर वाचले जातात आणि नागरिकाने लिहिलेले शब्द टाकाऊ पडद्यावर. मी गेली काही वर्षे ज्या ज्या खोल्यांत गेलो, तेथे मुद्दाम पाहत आलो आहे. याहून वेगळी वाटणी क्वचितच दिसली.

या वाटणीने काय होते, ते मी दुसऱ्याच्या उदाहरणाने सांगू शकलो असतो तर बरे झाले असते. परंतु चूक माझी आहे. २०२२ सालची गोष्ट. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचा अर्ज आमच्याकडे आला. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे वयाची ८० वर्षे पूर्ण झाली, की कुटुंबनिवृत्तिवेतनात २० टक्क्यांची भर पडते. जुन्या आदेशांत पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा नोंदलेली नसते, तशी याही आदेशात नव्हती. म्हणून बाईंनी आपल्या शाळेच्या दाखल्याची प्रत जोडली होती. दाखला हाताने लिहिलेला, शाई उडालेली, आणि साल देवनागरी अंकांत: १९४१. सहायकाने ते १९४९ असे वाचले. शेवटच्या अंकातील फरक तो काय, एका लहानशा वळणाचा! राज्यघटनेच्या ३४३व्या कलमाने संघाच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय रूपातील अंक ठरवले आहेत, आणि कचेरीतील तरुणांची नजर त्यांनाच सरावलेली असते. त्यामुळे मी त्या सहायकाला फारसा दोष देत नाही. माझे काम ताडून पाहण्याचे होते. मी बाजूच्या पडद्याकडे मान वळवली, पिवळट उजेडात मलाही ९ दिसला, आणि समोरच्या सुंदर पडद्यावर मी ‘सहमत’ असे लिहिले. त्याच दाखल्यात अंकांच्या खालच्या ओळीत साल अक्षरी लिहिलेले होते. ती ओळ पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे राहिली होती. बोट फिरवून पान वर सरकवले असते, तर दिसली असती. मी सरकवले नाही.

बाईंना उत्तर गेले, की आपली ८० वर्षे २०२९ साली पूर्ण होतील, तेव्हा अर्ज करावा. एक्क्याऐंशीव्या वर्षी असलेल्या बाईंना आम्ही अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी या असे कळवले होते! त्यांचे दुसरे पत्र आले. त्यात रागाचा शब्द नव्हता. फक्त जन्मसाल या वेळी अंकांत न लिहिता अक्षरांत लिहिले होते, आणि ते दोनदा. मी जुना दाखला नव्या पडद्यावर ओढून उघडला. १ अगदी स्पष्ट होता. थकबाकीसह रक्कम देण्यास त्यानंतर पाच महिने लागले. पाच महिने म्हणजे कचेरीच्या मानाने त्वरित झाले, असे सर्वांनी म्हटले. त्या वयाच्या माणसाच्या हिशेबाने पाच महिने म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

यावर कोणी म्हणेल, की हा निष्काळजीपणा आहे. त्याचा दोष पडद्यावर कशाला ढकलता? आक्षेप रास्त आहे, आणि माझा दोष मी पडद्यावर ढकलत नाही. पण काळजीपूर्वक वाचणे ज्या मांडणीत कठीण होते, ती मांडणी माझ्याच हातांनी केलेली होती, तिचा दोषही मलाच येतो. टिपणी ही टंकलिखित असते. ती लहान पडद्यावर उघडली तर अक्षरे मोठी करता येतात आणि ओळी आपोआप नव्याने बसतात. तिचे काही बिघडत नाही. अर्ज हा छायाचित्रासारखा असतो. त्याची ओळ मोडून दुसरीकडे नेता येत नाही. ए-४ पान इंचाला २०० बिंदूंच्या हिशेबाने स्कॅन केले, तर त्याचे चित्र १६५४ गुणिले २३३९ बिंदूंचे होते. साडेअठरा इंची पडद्याच्या ७६८ उभ्या बिंदूंतून वरखालच्या पट्ट्या वजा करता जेमतेम ६०० हाती राहतात. त्यात संपूर्ण पान बसवले आणि पानावर तीस ओळी असल्या, तर एका ओळीला २० बिंदू मिळतात. त्या विसांत वरची वेलांटी, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षर, खालचा उकार, आणि शिवाय दोन ओळींमधील मोकळी जागा, हे सारे बसले पाहिजे! पानाची रुंदी पडद्याएवढी केली, तर अक्षर वाचता येते, पण पानाचा तिसरा हिस्साच एका वेळी दिसतो. अंक दिसतात आणि त्याखालची अक्षरी ओळ लपते. तेच पान २७ इंची पडद्यावर संपूर्ण उघडले, तरी ओळीला चाळिसाहून अधिक बिंदू राहतात. म्हणजे ज्या कागदाला मोठ्या पडद्याची गरज आहे त्याला आपण लहान दिला, आणि ज्याला गरज नाही त्याला मोठा.

ही गोष्ट परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांना विशेष लागू आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मेजावर येणारे अर्ज आपल्या लिपीत नसतात. कोलकात्यात बंगाली, चेन्नईत तमिळ. या लिपी आपण मोठेपणी, परीक्षेपुरत्या किंवा गरजेपुरत्या शिकलो. घरच्या लिपीत अर्धे अक्षर दिसले तरी संदर्भाने शब्द कळतो; शिकलेल्या लिपीत ती सवलत नसते. बंगालीत ‘ब’ आणि ‘र’ यांत फरक केवळ खालच्या एका टिंबाचा. तमिळमध्ये व्यंजनावर टिंब आहे की नाही, यावर त्याचा स्वर राहतो किंवा जातो. ते टिंब जुन्या पडद्यावर विरून गेले, तर तेथील माणूस चुकणार नाही, आपण चुकू. ज्या प्रांताने आपल्याला अन्न दिले, त्या प्रांतातील माणसाचे पत्र आपण नीट पाहिलेच नाही असे होणे, ही साधी गोष्ट नव्हे. परक्या मुलखातून आलेला अधिकारी आपले ऐकत नाही, असे तेथील लोक कधीकधी म्हणतात. त्या तक्रारीत कितीसे तथ्य असते यावर वाद होऊ शकेल. परंतु त्यांचा कागद अंधुक पडद्यावर ठेवून आपण तिला पुरावा तरी पुरवू नये.

तरुण पक्षाचे उत्तर अजून राहिले. दोन्ही टाकून एक रुंद पडदा घ्यावा, या सूचनेत मला दोन हरकती दिसतात. चालू स्थितीतला मॉनिटर केवळ विजोड आहे म्हणून रद्द करणे, हा पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय तो कचराही आहे. ट्यूबच्या उजेडावर चालणाऱ्या जुन्या मॉनिटरांत पारा असतो, आणि ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असले, तरी कचरा न करणे हे तो नियमाने हलवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. दुसरी हरकत अधिक महत्त्वाची. पडदा रुंद झाला म्हणून सवय बदलत नाही. ज्याला आपली टिपणी मोठी करून अर्ज कोपऱ्यात ढकलावयाचा आहे, तो ३४ इंचांतही कोपरा शोधून काढील.

मी जे मागतो त्याला एक पैसाही लागत नाही. मॉनिटर विजोड असोत. त्यांची वाटणी उलटी करावी. मोठा, स्पष्ट पडदा बाहेरून आलेल्या कागदाला द्यावा आणि तो समोर ठेवावा. टिपणी लहान पडद्यावर लिहावी. विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून दोन्ही पडद्यांवर एकच चित्र न ठेवता ‘एक्स्टेंड’ निवडावे. कित्येक मेजांवर दोन्ही पडदे महिनोन्‌महिने तेच ते दाखवत बसलेले मी पाहिले आहेत. ठेंगण्या पडद्याखाली जुने जाड नियमपुस्तक ठेवून दोघांच्या वरच्या कडा डोळ्यांच्या रेषेत आणाव्यात. दोघांचा उजेड आणि रंग जुळवून घ्यावा. त्याची बटणे पडद्याच्या कडेलाच असतात. आणि खरेदीशाखेने पुढील मागणीपत्रात ‘दोन मॉनिटर’ इतकेच न लिहिता ‘उंचीने व बिंदूंच्या दाटीने जुळणारे’ एवढे चार शब्द वाढवावेत. ‘कोठे लिहिले आहे?’ असे विचारणाऱ्यांना मग दाखवता येईल.

लहान पडद्यावर टिपणी लिहावयाची म्हटल्यावर काही जणांना ते कमीपणाचे वाटेल, हे मी जाणून आहे. मलाही पहिले आठ दिवस वाटले. आपले वाक्य आखूड जागेत बसेना, म्हणून मी ते आखूड केले. त्याने टिपणीचे काही नुकसान झाले नाही. आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर अर्ज उघडा राहिल्याने एक निराळाच अनुभव आला. लिहिताना तो दिसत राहतो. त्यातील सही, खोडलेला शब्द, कागदाच्या घड्या, हे सारे डोळ्यांसमोर असते, आणि ‘अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही’ हे ठरीव वाक्य लिहिण्यापूर्वी हात थोडा थांबतो. पुष्कळदा शेवटी तेच वाक्य लिहावे लागते, कारण नियम नियमच असतो. पण ते वाचून लिहिलेले असते.

उद्या सकाळी कचेरीत गेल्यावर आपल्या मेजावर कोणाचा कागद कोणत्या पडद्यावर आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे. बदल करण्यास दोन मिनिटे लागतात, आणि त्यासाठी वरून मंजुरी घ्यावी लागत नाही.